स्क्रू दीड फेरा मागे

बंद पडलेल्या स्कूटरभोवती माणसं जमायला वेळ लागत नाही. जमलेल्यांपैकी पहिला माणूस तोंड उघडतो तेव्हा काय बोलणार, हेही ठरलेलं असतं. "कार्बोरेटरमध्ये कचरा आला असणार." हे वाक्य उच्चारायला स्कूटरचं ज्ञान लागत नाही, स्कूटरही लागत नाही. टाकीत पेट्रोलचा थेंब नसो, प्लगची वायर निघून लोंबकळत असो, किल्ली घरी राहिलेली असो, पहिला आळ कार्बोरेटरवर. गावात कुठेही चोरी झाली की पोलीस आधी ज्या ठरावीक इसमाला घरून उचलून आणतात, त्या इसमाचं गावात जे स्थान, तेच इंजिनात कार्बोरेटरचं. बहुतेक वेळा बिचारा निर्दोष असतो. पण खोलला जातोच.

आणि खोलण्याचा हा सोहळा ज्या वाहनावर सर्वांत मनापासून साजरा झाला, ते म्हणजे बजाज चेतक. १९७२ साली ही स्कूटर आली. मूळ घडण इटलीच्या व्हेस्पाची, कारखाना आकुर्डीचा आणि नाव राणा प्रतापांच्या घोड्याचं. साधारण १४५ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, डाव्या मुठीत गिअर, आणि नंबर लागायला दहा-दहा वर्षांची प्रतीक्षा. मुंजीच्या वेळी नंबर लावावा आणि लग्नाच्या वरातीला स्कूटर यावी, असा तो काळ. इतकी वाट पाहून आलेली वस्तू बंद पडली तर तिच्यात मुळात काही दोष असेल, हे मनाला पटणं शक्यच नव्हतं. दोष बाहेरून आलेला हवा. म्हणून कचरा.

हे शतक लागल्यावर काही वर्षांतच पेट्रोलची चेतक बनायची थांबली. मग ती पार्किंगच्या कोपऱ्यात गेली, अंगावर जुनी चादर आली, सीटखाली मांजरीची बाळंतपणं झाली. आता वीस-पंचवीस वर्षांनी घरातला मुलगा उठतो आणि जाहीर करतो, "बाबांची चेतक रिस्टोअर करायची." घरात गहिवर दाटतो. मुलगा आधी रंग लावतो. मग सीट, मग आरसे, मग नाना पेठेत जाऊन मिळतील तेवढे चमकणारे तुकडे आणतो. बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारून मूळ बनावटीचा बिल्ला शोधून आणतो. स्कूटर जेव्हा प्रथम शोरूममधून बाहेर पडली तेव्हा दिसली नसेल इतकी सुंदर दिसू लागते. फक्त सुरू होत नाही. बाबा गॅलरीतून वाकून म्हणतात, "अरे, कार्बोरेटर बघ."

तर या कार्बोरेटरचं काम काय? इंजिन पेट्रोल पितं, असा आपला समज आहे. प्रत्यक्षात ते पेट्रोल हुंगतं. वजनाने एक भाग पेट्रोलला जवळजवळ पंधरा भाग हवा लागते. पेट्रोल याहून फार वाढलं तर इंजिन काळा धूर ओकतं, हवा फार वाढली तर तापतं आणि रुसतं. हे प्रमाण सांभाळण्यासाठी कार्बोरेटरकडे ना वीज, ना मेंदू. त्याच्याकडे एक अरुंद गळा आहे आणि काही भोकं आहेत. अरुंद जागेतून हवा जोरात गेली की तिथला दाब कमी होतो, हे बर्नूली यांनी १७३८ साली मांडलं, आणि इटलीच्या व्हेंचुरी यांनी १७९७ मध्ये अशा गळ्यातल्या प्रवाहावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्या कमी दाबामुळे खालचं पेट्रोल आपसूक वर ओढलं जातं आणि त्याचे तुषार होतात. झालं. बाकी सगळं आपल्या मिस्त्रींनी वाढवलेलं आहे.

या यंत्राच्या जन्माची कथाही गोड आहे. बुडापेस्टमध्ये डोनात बांकी आणि यानोश चोंका हे दोघे इंजिनिअर रस्त्याने चालले होते. एक फुलवाली तोंडाने नळीत फुंकर मारून फुलांवर पाण्याचे तुषार उडवत होती. ते पाहून दोघांना इंजिनात पेट्रोल कसं उडवावं हे सुचलं, असं सांगतात. १८९३ साली त्यांनी पेटंट घेतलं. त्याच वर्षी जर्मनीत विल्हेल्म मायबाख यांचाही तुषार उडवणारा कार्बोरेटर पुढे आला, आणि पहिला कोण यावर लगेच वाद सुरू झाला. म्हणजे कार्बोरेटर जन्मला तोच दोन मतं घेऊन. पुढे ही संख्या वाढत गेली. आमच्या सोसायटीत सध्या फ्लॅट तितकी मतं आहेत.

आता खोलण्याकडे वळू. पहिली पायरी पेट्रोलचा कॉक बंद करण्याची. कॉक बंद होतो, पेट्रोल बंद होत नाही. आतलं रबर कधीच निवृत्त झालेलं असतं. मग उजव्या बाजूचं कव्हर काढायचं, आतल्या डबीचं झाकण काढायचं, जाळीचा एअर फिल्टर काढायचा, आणि तळाशी बसलेला कार्बोरेटर पाहून "एवढासाच?" असं म्हणायचं. प्रत्येक जण म्हणतो. मुठीएवढ्या त्या अॅल्युमिनियमच्या ठोकळ्यावर तोपर्यंत इतके आरोप झालेले असतात की तो निदान कुकरएवढा असावा अशी आपली कल्पना असते.

ठोकळा उघडला की आत फ्लोट. हा पेट्रोलवर तरंगतो आणि पेट्रोल पुरेसं भरलं की आपल्या डोक्यावरची सुई वर दाबून वाट बंद करतो. सुई झिजली, तिच्या टोकाशी कण अडकला, की वाट बंद होत नाही आणि स्कूटरखाली पेट्रोलची रांगोळी पडते. याला 'ओव्हरफ्लो' म्हणतात. फ्लोट कानाशी नेऊन हलवायचा असतो. आत पेट्रोल शिरलं असेल तर डुबुक असा आवाज येतो, मग तो फ्लोट तरंगणं सोडून बुडायला लागलेला आहे असं समजायचं. ओव्हरफ्लोवर शास्त्रशुद्ध उपाय म्हणजे सुई आणि तिची बैठक बदलणं. प्रचलित उपाय म्हणजे स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने कार्बोरेटरवर दोन टोले देणं. खेदाची गोष्ट अशी की प्रचलित उपाय पुष्कळदा लागू पडतो. अडकलेली सुई हादऱ्याने सुटते. त्यामुळे ज्याने टोले दिले तो पुढची वीस वर्षं आपल्याला इंजिनातलं कळतं असं समजून वावरतो.

मग जेट. जेट म्हणजे पितळेचा इवलासा स्क्रू, आणि त्याच्या पोटातून गेलेलं भोक. भोकाचा व्यास त्याच्या अंगावर कोरलेला असतो. मेन जेटवर १०० लिहिलं असेल तर भोक एक मिलिमीटरचं. इंजिन मंद चालताना पेट्रोल देणारा स्लोचा जेट तर साधारण अर्ध्याच मिलिमीटरचा. वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या स्कूटरमध्ये पेट्रोल उडून जातं, मागे राहतो तो तपकिरी चिकटा, आणि तो बरोबर याच भोकात बसतो. म्हणजे कचऱ्याचा आरोप दर वेळी खोटा असतो असं नाही. चादरीखाली झोपलेल्या स्कूटरबाबत तो सहसा खरा ठरतो.

जेट साफ झाला का, हे बघण्याची रीत प्राचीन आहे. रविवारी सकाळी बर्म्युडा घातलेला गृहस्थ पार्किंगमध्ये पूर्वेला तोंड करून उभा असतो. एक डोळा मिटलेला, दोन बोटांत पितळेचा कण, आणि तो सूर्याच्या दिशेने उंच धरलेला. हे अर्घ्य नव्हे. पलीकडचा उजेड गोल दिसतो का, एवढंच तो बघतो आहे. गोल दिसला नाही की सुरू होतो खरा घात. टाचणी, तारेच्या ब्रशचा केस, क्लच केबलचा सुटा धागा, असं जे हाताला लागेल ते भोकात घातलं जातं. पितळ मऊ. पोलादी तारेने चार वेळा कोचलं की शंभरचा जेट एकशेपाचचा होतो. अंगावर आकडा मात्र शंभरचाच राहतो. त्यानंतर स्कूटर पेट्रोल जास्त का खाते यावर कितीही चर्चासत्रं भरवा, नोंदींमध्ये सगळं व्यवस्थितच सापडेल. खरं तर जेट थिनरमध्ये नाहीतर कार्बोरेटर क्लीनरमध्ये भिजत ठेवावा आणि नंतर हवेने फुंकून काढावा. हवेसाठी लोक पंक्चरवाल्याकडे जातात. तो ट्रकच्या टायरला लावतो तोच पाइप कार्बोरेटरला लावतो. फ्लोटची सुई आधी काढून खिशात ठेवलेली नसेल तर ती थेट समोरच्या चहाच्या टपरीपर्यंत पोचते, आणि मग पंक्चरवाला, मालक आणि टपरीवरची गिऱ्हाइकं असे सगळे गुडघ्यांवर बसून रस्ता चाळू लागतात.

सुटे भाग घेताना दुकानदार फक्त एक प्रश्न विचारतो, "ओरिजिनल देऊ का लोकल?" दोन्हींची खोकी एकाच रंगाची. ओरिजिनल महाग असतं, हाच त्याच्या ओरिजिनलपणाचा पुरावा. किट घेतलं की त्यात पॅकिंग, वॉशर, सुई असं सगळं येतं. पूर्वी किट आणण्याची पद्धत नव्हती. मिस्त्री ऑईल पेपरवर कार्बोरेटर ठेवून हातोडीने कडेकडेने ठोकायचा आणि पॅकिंग कापून काढायचा. ऑईल पेपर संपला असेल तर लग्नपत्रिकेचा जाड कागदही चालून जायचा. कित्येक जोडप्यांचे शुभविवाह त्या काळी इंजिनात हवा जाऊ नये म्हणून झटत होते.

पेट्रोलही आता पूर्वीचं राहिलेलं नाही. अलीकडे पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते उसापासून होतं, धान्यापासूनही होतं. कोल्हापूर-सांगलीकडचा जो ऊस पूर्वी साखर होऊन आपल्या चहात यायचा, तो आता थेट टाकीत उतरतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने चांगलंच आहे. पण इथेनॉल हवेतलं बाष्प ओढून घेतं आणि जुन्या धाटणीच्या रबराला ते मानवत नाही. ऐंशीच्या दशकातली पेट्रोलची नळी कडक होऊन तडकते. म्हणून जुनी स्कूटर उभी करून ठेवायची असेल तर टाकी आणि फ्लोटची वाटी रिकामी करून ठेवावी, आणि नळ्या-वॉशर नव्या जातीच्या रबराचे घालावेत. हा सल्ला फुकट आहे, तरीही बरोबर आहे. असा योग फार क्वचित येतो.

सगळं जुळवून कार्बोरेटर पुन्हा बसवताना मराठी माणसाचा एक गुण आड येतो. आपण काहीही बसवलं की ते जन्मात सुटू नये इतकं आवळतो. चेतकच्या कार्बोरेटरला हे चालत नाही. धरून ठेवणारे दोन बोल्ट जीव खाऊन पिळले तर नरम अॅल्युमिनियमचं अंग वाकतं, आतली, हवेची वाट उघडबंद करणारी स्लाइड अडकते, आणि मूठ सोडली तरी इंजिन रेसच राहतं. नव्याने रंगवलेली स्कूटर स्टँडवर उभी राहून किंचाळते, मालक किल्ली फिरवतो, शेजारी आपापली मुलं आत घेतात. बोल्ट बेताने आवळावा, हे कुणी सांगत नाही. कारण बेताने आवळल्यावर काम केल्याचं समाधान मिळत नाही.

यानंतर येतं सेटिंग, आणि इथून विज्ञान संपून लोकशाही सुरू होते. कार्बोरेटरला फिरवण्याजोगे दोनच स्क्रू. एक स्लोचा, म्हणजे मूठ सोडल्यावर इंजिन किती वेगाने पुटपुटत राहावं ते ठरवणारा. दुसरा मिक्श्चरचा, ज्याला सगळे 'हवेचा' म्हणतात. रीत सोपी आहे. हवेचा स्क्रू हळुवार पूर्ण आत घालायचा आणि दीड फेरा मागे घ्यायचा. इंजिन सुरू करून चांगलं गरम होऊ द्यायचं. मग तो स्क्रू पाव-पाव फेऱ्याने पुढे-मागे करत इंजिन सर्वांत खुशीत कुठे चालतं ती जागा शोधायची, आणि शेवटी स्लोचा स्क्रू सोडून वेग बेताचा करायचा. दहा मिनिटांचं काम.

ते दहा मिनिटांत होत नाही, कारण इंजिनाचा आवाज सोसायटीभर ऐकू जातो. पहिल्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर काका खाली येतात आणि म्हणतात, "स्क्रू बाहेर काढ, मिक्श्चर लीन आहे, पेट्रोल कमी पडतंय." शेजारच्या विंगचे दादा म्हणतात, "बाहेर काढलात तर अजून लीन होईल, आत घाला." गंमत म्हणजे दोघेही बरोबर असू शकतात. काही कार्बोरेटरमध्ये हा स्क्रू हवा कमीजास्त करतो आणि काहींमध्ये तयार मिश्रण, त्यामुळे एकात जो फेरा पेट्रोल वाढवतो तोच दुसऱ्यात कमी करतो. काकांची हयात एका स्कूटरवर गेली, दादांची एका मोटरसायकलवर. पण "तुमचा कार्बोरेटर कुठला?" हा प्रश्न कोणी कोणाला विचारत नाही. वॉचमन म्हणतो, "चोक ओढून बघा." कोपऱ्यातला आठवीतला मुलगा मोबाइलवर व्हिडिओ लावतो. त्यातला माणूस पोर्तुगीजमध्ये बोलत असतो, पण त्याच्याही स्कूटरभोवती चार जण उभे असलेले दिसतात.

या मतभेदांच्या मुळाशी एक सनातन झगडा आहे. अॅव्हरेज की पिकअप? वाहन कुठलंही असो, मध्यमवर्गाचा पहिला प्रश्न, "अॅव्हरेज काय देते?" उत्तर देणारा नेहमी पाच किलोमीटर वाढवून सांगतो, ऐकणारा नेहमी पाच वजा करून घेतो, त्यामुळे आकडा शेवटी बरोबरच पोचतो. गिऱ्हाइकाला खूश करायचं तर मिस्त्रीला मिश्रण पातळ करावं लागतं. पेट्रोल कमी, हवा जास्त. अॅव्हरेज वाढतं. पण टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण पेट्रोलमधूनच मिळतं. लिटरमागे २० मिलिलिटर ऑईल आपण टाकीत घालतो ते त्यासाठीच. पेट्रोल तोडलं की ऑईलही तुटतं, इंजिन तापतं, आणि एखाद्या दिवशी भर घाटात पिस्टन सिलिंडरला घट्ट मिठी मारतो. महिनोन् महिने थेंबाथेंबाने वाचवलेले पैसे मग बोअरिंगवाल्याकडे एकरकमी जमा होतात. इंजिनाचं खरं म्हणणं समजून घ्यायचं तर प्लग काढून बघावा. काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त, पांढरा पडला असेल तर हवा जास्त, विटकरी-तपकिरी असेल तर जमलं. प्लगला अॅव्हरेजशी देणंघेणं नसतं, म्हणून तो खरं बोलतो.

जुना मिस्त्री प्लग बघतो आणि मान तिरकी करून ऐकतो. त्याच्या कानात कुठलंही मीटर नसतं, तरी कुठे थांबायचं ते त्याला कळतं. गिऱ्हाईक ओळखण्यातही त्याचा हात धरणारा कोणी नाही. चिकित्सक गिऱ्हाईक "अजून थोडं" म्हणतच राहिलं की तो स्क्रूड्रायव्हर खाचेत ठेवतो, मनगट गंभीरपणे हलवतो, स्क्रू हलवत नाही, आणि विचारतो, "आता बघा साहेब." साहेब दोनदा मूठ पिळतात आणि म्हणतात, "हां! फरक पडला." मिस्त्री 'थोडं सेटिंगमध्ये होतं' असं म्हणून पन्नास रुपये जास्त लावतो. ते पन्नास रुपये साहेबांच्या मनाच्या ट्यूनिंगचे. ते वाजवी आहेत.

सकाळी थंड इंजिन सुरू होत नसेल तर चेतक तिरकी करायची, हा विधी अख्ख्या देशाला ठाऊक आहे. कारण साधं आहे. स्कूटर कलली की फ्लोट जागचा ढळतो, सुई उघडते, वाटीत जादा पेट्रोल उतरतं आणि थंड इंजिनाला हवं असलेलं घट्ट मिश्रण मिळतं. चोकही हेच करतो, आणि तो सीटखालीच असतो. पण चोक ओढणाऱ्याकडे कोणी बघत नाही. शंभर किलोंची स्कूटर कमरेवर तोलून धरणाऱ्याकडे चाळ बघते. कुठल्या बाजूला कलवायची यावर दोन पंथ आहेत, आणि त्यांच्यात रोटीबेटी व्यवहार असला तरी स्कूटर उसनी देण्याचा व्यवहार नाही.

१ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचं बीएस-६ मानक लागू झालं आणि नव्या दुचाकींमधून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. त्याच्या जागी फ्युएल इंजेक्शन आलं. हवा किती, पेट्रोल किती, हे आता एक संगणक क्षणाक्षणाला मोजून ठरवतो आणि कोणालाही विचारत नाही. धूर कमी झाला, सकाळी स्कूटर पहिल्या झटक्यात सुरू होते, अॅव्हरेजही चांगलं मिळतं. तक्रारीला जागा नाही, आणि हीच अडचण आहे. नवी चेतक तर २०२० मध्ये विजेवर चालणारी होऊनच बाजारात आली. तिच्यात ना पेट्रोल, ना जेट, ना कचरा. ती रस्त्यात थांबली तर जमलेल्या लोकांनी बोलायचं काय? चार जण येतात, स्क्रीनकडे बघतात, "बंद करून परत चालू करा" म्हणतात आणि निघून जातात. अनोळखी माणसाच्या वाहनात हात घालून त्याला अरे-तुरे करण्याचा आपला जो सार्वजनिक हक्क होता, तो गेला.

म्हणून ज्यांच्या घरी अजून जुनी चेतक आहे त्यांना विनंती. ती विकू नका, आणि तिची उगाच पूजाही करू नका. चालवा. उभ्या स्कूटरचाच कार्बोरेटर तुंबतो, फिरतीचा सहसा नाही. बंद पडली तर आधी टाकीत पेट्रोल आहे का बघा, मग प्लग बघा, मग ठिणगी बघा, आणि हे तिन्ही साक्षीदार फितूर नाहीत याची खात्री झाल्यावरच कार्बोरेटरला हात लावा. जेटात तार घालू नका. बोल्ट बेताने आवळा. हवेचा स्क्रू पूर्ण आत आणि दीड फेरा मागे. तेवढ्यात कोणीतरी येऊन तुमच्या खांद्यावरून वाकून बघू लागेल आणि म्हणेल, "दीड नाही, पावणेदोन." त्यांना चहा द्या, बसायला खुर्ची द्या. स्क्रूड्रायव्हर देऊ नका.